बासष्ट क्रमांकाची झोप

३ मार्च
पहिल्या वर्षाला संशोधनपद्धती शिकवायचं सरांनी माझ्या गळ्यात घातलं. "तुझा प्रबंध संपतच आलाय, तूच शिकव." मी! फळ्यावर दोन रकाने काढले: संख्यात्मक, गुणात्मक. किती जणांना होतं ते मोजायचं, कसं होतं ते ऐकायचं. दोन्ही जोडलं की मिश्र. आधी प्रश्न, मग पद्धत. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माणसं भेटलीच नाहीत तर?" म्हटलं, "पुन्हा जायचं." आवाज जरासुद्धा कापला नाही माझा!

४ मार्च
लिहूनच टाकते. रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या नव्वद बायकांच्या प्रश्नावल्या माझ्याकडे आहेत. त्यातल्या सतरा मी भरल्यात. जानेवारीत, जेवणाच्या टेबलावर, दोन वेगवेगळ्या पेनांनी. बहुतेकजणी चार-चार खेपा घालूनही घरी भेटेनात, काहींच्या दाराशी तर गेलेच नाही, आणि मुदत संपत आलेली. धाप लागते का? नाही. झोप? चांगली. बाकीच्यांसारखंच असणार, अशी स्वतःची समजूत घातली. आई म्हणाली होती, "अगं, किती लिहितेस! मी देऊ का चार भरून?" तिला वाटलं, नुसते कागद उतरवतेय.

५ मार्च
वर्गात त्या मुलीकडे बघवलं नाही.

९ मार्च
सतरांपैकी एकीकडे गेले. क्रमांक बासष्ट. दार नवऱ्यानं उघडलं, शिंपी आहे, गळ्यात टेप. "ती जाऊन सहा महिने झाले," म्हणाला. माझ्या कागदावर तारीख बारा जानेवारी!

मी तिच्या कामावरची, असं त्याला वाटलं. बसवलं, पाणी दिलं. "शेवटचं वर्षभर बसून झोपायची हो. भिंतीला टेकून. आडवं झालं की दम कोंडायचा." मग म्हणाला, "कधी कुणी विचारायला आलं नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं."

पाणी प्यायले आणि पळून आले.

१० मार्च
सरांना सगळं सांगितलं. उठून त्यांनी दार लावलं. "तो एक कागद काढून टाक. सरासरी हलत नाही."
"सर, ती बाई मेलीय."
"म्हणूनच म्हणतोय, काढून टाक."

१५ मार्च
उरलेल्या सोळांपैकी तेरा जणी भेटल्या. धुलाईघराच्या मागच्या दारी, पाळी सुटताना. प्रश्नावली नेलीच नाही. नुसती ऐकत बसले. सगळ्या गरम हौदावरच्या! रसायनाची वाफ तिथेच. दोन-दोन पाळ्या करतात, म्हणून घरी सापडत नव्हत्या. ज्या सापडल्या त्या घड्या घालणाऱ्या, इस्त्रीवाल्या. म्हणजे ज्यांना विचारायला हवं होतं, नेमक्या त्यांचीच उत्तरं मी मनानं लिहिली. तेरांपैकी अकराजणींना धाप लागते. एक मावशी म्हणाल्या, "जिना चढेस्तोवर दोनदा बसते गं बाई."

१८ मार्च
शिंप्याकडे पुन्हा गेले. सांगितलं. गळ्यातला टेप त्यानं काढून ठेवला.
"झोप चांगली, असं लिहिलंत?"
"हो."
"जा तुम्ही."
दार आपटलं नाही त्यानं. हळूच लावलं. आपटायला हवं होतं.

२० मार्च
प्रबंध मागे घेत असल्याचा अर्ज दिला. कारण स्वच्छ लिहिलं, पानभर. सर बोलत नाहीत. आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "चार वर्षं पाण्यात घातलीस," म्हणाली. थोड्या वेळानं: "आणि मी मेली भरून देते म्हणाले!" आम्ही दोघी रडलो.

२३ मार्च
मावशींनी बोलावून धुलाईघराच्या फळ्यावरची नोटीस दाखवली. फेब्रुवारीतली. हौदाशी वाफ ओढणारे पंखे बसणार होते, ते रद्द. 'संशोधनानुसार कामगारांची तक्रार नाही.' म्हणजे सरांनी माझा गोषवारा रुग्णालयाला परस्पर धाडला होता. मावशींना वाचता येत नाही. बोट ठेवून विचारलं, "हे खाली कुणाचं नाव गं?"

माझं.