स्टेशनाजवळचे जुने रूळ

करमाड, गुरुवार, दिवेलागण

उद्या ग्रामसभा. स्टेशनाजवळचे मीटरगेजचे जुने रूळ गावाची आठवण म्हणून जपायचे, की उखडून शेतवस्तीला रस्ता काढायचा? पंचायतीची सदस्य म्हणून मला बोलावं लागणार. रस्त्याची गरज खोटी नाही. पण रझाकारांच्या काळात आपली माणसं याच रुळांवरच्या गाडीनं निजामाच्या हद्दीबाहेर, मनमाडला निसटली, हे मी अभिमानानं सांगणार होते.

दुपारी आत्याला विचारलं. ती लहानपणी त्या गाडीत होती. वाटलं, खूश होईल.

"लई गर्दी होती. आईनं माझा हात धरला," ती म्हणाली. "धाकटा श्रीपती फलाटावरच राहिला. परत नाय घावला."

मला माझ्या या चुलत्याचं नावही माहीत नव्हतं. घरात कुणीच कसं बोललं नाही? आणि मी कसला अभिमान सांगणार होते?

"मग रूळ उखडू देऊ का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "नको गं. रस्ता दुसरीकडून काढा. ती जागाच गेली, तर त्याला हुडकायचं कुठं?"

रूळ ठेवा, असंच म्हणेन. पण निसटलेल्यांचं सांगण्याआधी श्रीपतीचं नाव घेईन. आत्याला पहिल्या रांगेत बसवणार आहे.