अमोलचा बॉयलर

२८ नोव्हेंबर, अल नहदा, शारजा

विमानतळापासून अमोलचं एकच पालुपद चालू होतं. "बाबा, यंदाचा हिवाळा आमच्याकडे, नुसता आराम." आराम म्हणजे काय ते आज कळलं. सकाळी अमोलने गाडीत घातलं आणि थेट उम्म अल कुवैनला नेलं. तिथे त्याने आणि त्याच्या पार्टनरने, सेठीने, एक शेत भाड्याने घेतलंय. शेत म्हणजे खजुराची झाडं, तीन खोल्या आणि एक पोहण्याचा हौद. थंडीत शनिवार-रविवार कुटुंबं राहायला येणार. इथे थंडी म्हणजे आपल्याकडे स्वेटर शोधायच्या आधीची हवा, पण हे लोक टोप्या घालतात.

खोल्यांपासून लांब, एका पत्र्याच्या शेडखाली लोखंडी कपाटाएवढं धूड उभं होतं. वर धुराडं. लाकडावर चालणारा पाण्याचा बॉयलर, सेकंडहँड. त्याच्यातलं गरम पाणी जमिनीतल्या पाइपातून बाथरूमना आणि हौदाला जाणार. तिथली वीज कमी पडते म्हणून हा उद्योग. चालवणार कोण, विचारलं. अमोल हसून म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी खेळणं आणलंय."

साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये माझी हयात गेली. बॉयलर चालवायचं फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट आहे. आणि हे खेळणं. पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. रात्री झोप छान लागली.

१ डिसेंबर

पुन्हा शेतावर. बॉयलर उघडून पाहिला. दाराची सीलची दोरी जळून गेलेली, आत जुन्या मालकाची राख दगड झालेली. शफीकच्या मदतीने खरवडली. शफीक शेताचा राखणदार, बांगलादेशी, चाळिशीचा. मला चाचा म्हणतो. कामाला बरा, बोलायला त्याहून बरा. पाठ दुखतेय. बीपीची गोळी विसरलो.

अमोलला सांगितलं, पेटवायच्या आधी अग्निप्रदीपन करायचं. पूजेशिवाय मी बॉयलर पेटवत नाही. तो म्हणाला, मस्त आयडिया, व्हिडिओ होईल.

५ डिसेंबर

झालं अग्निप्रदीपन.

कारखान्यात दर हंगामाला व्हायचं. कुणीतरी संचालक सपत्नीक पाटावर बसायचे, पेपरात फोटो. आम्ही बॉयलरवाले मागे उभे, काडी पेटवून त्यांच्या हातात द्यायला. सुमन दरवर्षी विचारायची, "आपल्याला कधी बसवतील का हो?" मी म्हणायचो, बसवतील. ती गेली, मी रिटायर झालो, कुणी बसवलं नाही.

काल नहदाच्या दुकानातून नारळ, हळदकुंकू, कापूर सगळं मीच आणलं. पाट नव्हते, योगाच्या चटया अंथरल्या. पांढरा सदरा घालून गेलो होतो. ऋचा, म्हणजे सूनबाई, जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, याला जोडीच लागते ना? मग सेठी आणि भाभी बसतील. मेन इन्व्हेस्टर आहेत ते." आवाज गोड होता. तिचा आवाज नेहमीच गोड असतो.

बरं, मी विधुर, मी नको. पण मग अमोल आणि ऋचा का नाही बसले? माझा मुलगा, माझी सून बसली असती तर मी मागे आनंदाने उभा राहिलो असतो. अमोल मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता.

काडी पेटवून सेठींच्या हातात दिली. सवयीने दिली.

९ डिसेंबर

मुक्काम आता शेतावर. रोज ये-जा करण्यापेक्षा तिथेच राहा म्हणाले. इराला, माझ्या नातीला, ऑनलाइन ट्यूशनसाठी खोली मोकळी हवीय. माझी बॅग ऋचाने स्वतः भरली, एकही वस्तू विसरली नाही.

शेतावर वेडी बाभूळ माजलीय, गावाकडच्यासारखीच. शफीकने तोडली, मी ओलीच टाकली. ऊस गाळून उरलेलं चिपाड ओलंच जळायचं, आम्ही कधी वाळवत बसलो नाही. आणि आग विझू द्यायची नाही. हंगामात बॉयलर थंड पडला की सगळा कारखाना उभा राहतो, हे हाडात मुरलंय. भट्टी गच्च भरून हवेचं दार ओढून घेतलं. दिवसभर धुमसत ठेवली.

१४ डिसेंबर

गेस्ट आले. पाणी कोमट. धूर असा की पलीकडच्या शेतातला अरबाब, म्हणजे मालक, स्वतः गाडी घेऊन आला. भला माणूस. शफीकला म्हणाला, काय जाळताय, टायर? धुराड्यातून डांबरासारखा चिकटा गळतोय, शेडच्या फरशीवर काळे थेंब.

सेठी: "अंकलजी, आप तो एक्सपर्ट हैं ना?"

अमोल नळाखाली हात धरून पाणी बघत राहिला. त्याने बोलायला हवं होतं. काहीही बोलला असता तरी चाललं असतं.

१६ डिसेंबर

बसून विचार केला. चूक माझीच आणि अस्सल साखरवाल्याची. तिथे खालून पंख्याचा झोत, उंच भट्टी, म्हणून ओलं चिपाड भडकायचं. इथे पंखा नाही, झोत नाही. ओल्या लाकडाची निम्मी आग स्वतःचंच पाणी वाळवण्यात खलास. वर मी हवा कोंडून धुमसवतोय. धुमसलं की धूर, धुराचा चिकटा आतल्या पत्र्यावर बसतो, मग पाण्याला आच लागत नाही. आणि प्रेशर तर नाहीच इथे. नुसतं पाणी तापवायचंय. कारखाना थांबत नाहीये कुणाचा.

तेव्हा: वाळकं लाकूड. बारीक फोडलेलं. भट्टी गच्च भरायची नाही. हवा पूर्ण उघडी, कडक आणि थोडा वेळ. पाणी तापलं की विझू दे.

विझू दे हे स्वतःला पटवायला दोन दिवस लागले. भट्टी थंड पडलेली बघवत नाही. उठून उठून जाऊन दार उघडून बघतो.

बाजारातून वाळकी लाकडं मागवली. ओली बाभूळ फोडून उन्हात रचली, वर पत्रा टाकला, पुढच्या वर्षासाठी. पुढच्या वर्षासाठी असं लिहिलंय खरं.

२२ डिसेंबर

आग आता सुरेख. धूर जवळपास नाहीच, धुराड्यावर नुसती हवा थरथरते. तरी बाथरूमला पाणी हवं तसं नाही. बॉयलरपाशी हात लावू देत नाही आणि नळाला कोमट. हे कसं?

सकाळी धुकं होतं. सगळी वाळू दवाने काळपट ओली, आणि बॉयलरपासून खोल्यांपर्यंत एक सरळ कोरडा पट्टा. पाइपाच्या वरचा. म्हणजे आम्ही वाळू तापवत होतो. शफीकला हाक मारून दाखवलं. तो पोट धरून हसला, मग मीही हसलो. इथे आल्यापासून पहिल्यांदा हसलो असेन.

पाइप उकरला. गुंडाळलेला फोम पाणी पिऊन बसलेला. चांगला फोम, वर प्लॅस्टिकचा बंद पाइप, असं मागवायला अमोलला फोन केला. मीटिंगमध्ये होता. ऋचाने ऑर्डर केलं, उद्या हजर होईल. कामाच्या वस्तू या घरात लगेच येतात.

२९ डिसेंबर

आता बॉयलर जसा चालायला हवा तसा चालतो. सकाळी एक आग, संध्याकाळी एक. एक जुनी टाकी मध्ये जोडून घेतली, तापलेलं पाणी तिच्यात साठतं. राख रोज काढायची. लाकूड निम्म्याहून कमी लागतं. हौदातून वाफ निघते. गेस्ट फोटो काढतात, वाफेचे.

दुपारी टाकीमागे होतो. पलीकडे अमोल आणि सेठी नव्या कुणाला शेत दाखवत होते. त्याने विचारलं, हे सगळं सांभाळतं कोण? अमोल म्हणाला, "स्टाफ का टेन्शन ही नहीं है, बाबा हैं ना."

कौतुकच केलं त्याने. तसंच घ्यायचं असतं. घेता येत नाहीये.

सुमन असती तर तोंडावर बोलली असती. माझ्याच्याने होत नाही. मुलापुढे माझी जीभ उचलत नाही, त्याच्या इंग्रजी शाळेत पालक म्हणून जायचो तेव्हापासून.

४ जानेवारी

सगळे आले होते. इरा हौदातून बाहेर येईना. ओठ निळे व्हायच्या थंडीत गाल लाल झाले होते पोरीचे. ते पाहून सगळं विसरलो. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. म्हणाली, "आजोबा, यू मेड द वॉटर हॉट?" म्हटलं हो. मग विचार करून म्हणाली, "सो इन समर यू डोन्ट कम?"

ऋचा हसली. लेकरू आहे, त्याचा काय राग धरायचा. पण हे ते कुठून शिकलं?

११ जानेवारी

शफीक शिकला. आता डोळे मिटून पेटवतो. मीच शिकवलं, शिकवताना हात आखडता घेतला नाही. काल मात्र मनात आलं. शेडमध्ये थोडी ओली बाभूळ मिसळून ठेवावी, हवेचं दार जरा ओढावं. शनिवारी पाणी कोमट. अमोलचा फोन येईल, बाबा प्लीज काहीतरी करा. किती सोपं आहे.

ओलं लाकूड हातात घेतलंही. ठेवून दिलं. चांगुलपणा वगैरे काही नाही, आग घाण जळलेली मला बघवत नाही एवढंच. अमोल लहान असता तर दोन थोबाडीत देऊन मोकळा झालो असतो. आता तो मोठा आहे आणि मी पाहुणा.

१८ जानेवारी

व्हिसा महिनाअखेरीस संपतोय. वाढवायचा असेल तर या आठवड्यात सांगायला हवं. अमोल आपणहून विषय काढेना. मग आज मीच काढला. पण सरळ नाही. सरळ विचारायला हवं होतं, राहू का म्हणून. नाही जमलं. हौदाच्या कडेला उभे होतो. म्हटलं, "शफीक आता सगळं करतो. मी नसलो तरी अडत नाही."

म्हणजे त्याने म्हणावं, अडतं बाबा. तुम्ही राहा. शफीक आगीसाठी, तुम्ही आमच्यासाठी. एवढं लांबलचक नको, नुसतं राहा म्हणाला असता तरी पुरे होतं.

अमोलने माझ्याकडे पाहिलं. चेहरा एकदम मोकळा झाला त्याचा. "नक्की ना बाबा? मला वाटतच होतं, तुम्हाला घरची ओढ लागली असेल. मी उगाच अडकवून ठेवलंय असं वाटायचं. बघतो मग तिकीट." आणि खांद्यावर हात ठेवला.

त्याला खरंच तसं वाटत होतं का? की बॉयलर लागला मार्गी, आता बाबांचं काय, हे ओझं उतरलं? सकाळपासून हेच चाललंय डोक्यात. हात ठेवला तो मायेने ठेवला असं वाटलं. मला तसं वाटणं सोयीचं आहे, हेही कळतं.

सेठीने शेकहँड केला. "अंकलजी, सिस्टम एकदम परफेक्ट."

२० जानेवारी

धुकं. सकाळची आग शफीकने पेटवली, मी खुर्ची टाकून बसलो. एकदाही उठलो नाही. त्याने विचारलं, "चाचा, आप जा रहे हो?" म्हटलं, मालूम नहीं. म्हणाला, आपके बेटे ने तो बोला जा रहे हो.

म्हणजे माझं जाणं ठरलंय हे शफीकला माझ्याआधी कळलं.

दुपारी ऋचाचा मेसेज. दोन विमानांचे फोटो. "बाबा, २७ चं मॉर्निंगचं घेऊ की २९ चं इव्हनिंगचं? २९ ला लगेज जास्त मिळतंय." खाली हसरा चेहरा.

दोनदा लिहिलं आणि खोडलं. एकदा लिहिलं, २७. एकदा लिहिलं, मला नाही जायचं. दुसरं लिहून चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. माझ्याच मुलाच्या घरी राहायला अर्ज करतोय असं दिसत होतं ते. खोडलं.

संध्याकाळी पुन्हा मेसेज. "बाबा?"

फोन उपडा ठेवलाय.