तिबिलिसीत मामा म्हणजे वडील

प्रिय आई,
पाया पडते. मी मजेत आहे. डॉक्टरकीची परीक्षा छान गेली. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे घरमालकीणबाईंची छोटी नात काल "मामा, मामा" करत दाराकडे धावली. आले ते तिचे वडील! जॉर्जियन भाषेत वडिलांना मामा म्हणतात. आपल्या भाषेशी तिचं काही नातं नाही. बाई म्हणाल्या, बाळाच्या ओठांवर 'मा' आपोआप येतो. कुणाला द्यायचा ते घरचे ठरवतात.

मी म्हटलं, "आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. माझे बाबा मी लहान असतानाच गेले."
"मग तुला शाळेत कोण सोडायचं?"
"मामा."
"वेण्या?"
"मामाच घालायचा. वाकड्या."
"मग आमचंच बरोबर!" बाई हसल्या.

आई, बाबा गेल्यापासून आपण सावद्याला मामाकडेच वाढलो. माझं कन्यादान दीपककाका करणार असं ठरलंय. पण ते मामा-मामींनी करावं असं मला वाटतं. मामाने नवरीला मांडवात आणायचं असतं, तो मान काकांना दे. ते रुसले तर सांग, पोरगी तुमचाच हात धरून येईल.

मामाला आधी सांगू नकोस. "मना काय हक्क शे?" म्हणेल, आपला हक्कच नाही समजून मागे सरेल. मुहूर्ताला सरळ पाटावर बसव.

तुझी,
सुलक्षणा