लूज बोल्टचा पाठमोरा गिटारवाला

सारसोळे गाव, नेरूळ
मे १९९५

ती. शिवामामास,

प्रीतमचा पायाला हात लावून नमस्कार. (पाय उरणला, हात सारसोळ्याला, तरी पोचला असं समज.) तुझी कंबर कशी आहे? न्हावा शेव्याला कंटेनरवर चढणं बंद केलंस का, असं आई विचारते. विजयमाला मामीला पण नमस्कार सांग. मोठ्या माणसाला 'तुम्ही' लिहायचं असतं म्हणे, पण तो धडा यायच्या आत मी शाळा सोडली, तेव्हा 'तू' चालवून घे. इकडे सगळे मजेत, मी सोडून.

मामा, तू मला दिलेली लाल गिटार अजून धड आहे. साठ-पासष्ट सालात तुझा बँड होता आणि तो तुझ्याच लग्नाच्या मांडवात फुटला, एवढंच आमच्या घरी सांगतात. पुढे काय झालं विचारलं की सगळ्यांना अचानक काम आठवतं. तर आमचा बँडपण मांडवातच फुटला. म्हणून हे तुलाच लिहितोय, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

गोटीरामशेठच्या रिक्षा गॅरेजात संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की जागा आमची. शेठचा पुतण्या ज्ञानू (पोरगा चांगला, हात जड) ऑइलच्या रिकाम्या पिंपांचे ड्रम करून बडवायचा. तो आवाज ऐकून सेक्टरातल्या फ्लॅटमधले सुयश आणि ऋषी आले. ऋषीकडे बेस गिटार होती आणि मोठा अँप्लिफायर होता. सुयशकडे कॉलेज होतं, म्हणून तो गायचा. तुझ्या जुन्या रेकॉर्डी ऐकून तो खूश झाला, म्हणाला आपण हेच वाजवायचं, अमेरिकेत साठ सालात पोरं अशीच बापाच्या गॅरेजात बँड काढायची. मी म्हटलं, तिकडे पण गाण्याच्या मधेच शेठ येऊन कार्ब्युरेटर कुठे ठेवला विचारतो का? नाव ठेवलं लूज बोल्ट, कारण ज्ञानूची पिंपं शेठच्याच बोल्टांवर उभी होती.

माझा एकच प्रॉब्लेम, तुला माहीत आहे. माणसं बघितली की माझी बोटं लोण्यासारखी होतात. म्हणून मी लोकांकडे पाठ करून वाजवतो. सुयश म्हणाला टेन्शन नको, ही स्टाइल आहे. त्यांच्या सोसायटीच्या पूजेला वाजवलं तर तिथले काका लोक म्हणाले, तो पाठमोरा पोरगा अगदी फॉरेनचा वाटतो. (पाठीवरून.) मग आमी इतके वर गेलो की ज्ञानूच्या बहिणीच्या, उन्नतीच्या, हळदीला शेठने बेंजो पार्टी न सांगता आमालाच सांगितलं.

आता आपल्यात शेंबड्या पोरालापण कळतं की धवलारीन लग्नाचे धवले गायला उभी राहिली की वाजप बंद. आणि धवलारीन कोण, तर पुतळाआजी. (तुझी सासू. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.) आजी उठली, ज्ञानू थांबला, त्याने बाकीच्या दोघांना थांबवलं, कोणीतरी सुयशच्या हातातला माईक काढून आजीपुढे धरला. मला कोण सांगणार? मी ताडपत्रीकडे तोंड करून. मला वाटलं, आज सुयशचा आवाज लागला! शब्द कळत नव्हते, पण सुयशचे शब्द मला कधीच कळले नव्हते. आवाज असा की अंगावर काटा. मनात म्हटलं, शाब्बास सुयश, आणि जीव तोडून त्याच्या मागे वाजवत सुटलो. आवाज वर गेला की मी वर, त्याने श्वास घेतला की तेवढी जागा मी भरायची. बऱ्याच वेळाने वाटलं ज्ञानू का गप्प, म्हणून वळलो, तर अख्खा मांडव माझ्याकडे बघतोय आणि आजी हळदीचा हात कमरेवर ठेवून उभी. मी खाडीत उडी मारायचंच बघत होतो, तर म्हणते, "थांबलास कनाला रं? वाजव. मना बरा वाटतंय."

मी परत ताडपत्रीकडे वळलो आणि वाजवलं. बाया नाचल्या. शेठ नाचला, जो सायलेन्सर सोडून कशाला कान देत नाही.

सुयश तेवढा नाचला नाही. "हा रॉक बँड आहे की भजनी मंडळ?" म्हणाला. ज्ञानू म्हणाला, "माझ्या बहिणीच्या हळदीत तोंड कडू कशाला करतो?" आणि प्रेमाने त्याच्या पांढऱ्या शर्टाला हळद फासली. आपल्यात हा मान आहे. फ्लॅटमध्ये ही मारामारी आहे. ऋषीने अँप्लिफायर उचलला आणि दोघं चालू पडले. वायर माझ्या गिटारीला जोडलेली, म्हणून मीपण त्यांच्या मागे गेटपर्यंत गेलो. अजून अर्धं गाव समजतंय की मी फ्लॅटवाल्यांच्या बाजूने होतो.

पण मामा, बँड फुटला हे लोक बोलतात, मी बोलत नाही. बोल्ट लूज झाला म्हणून रिक्षा कोणी भंगारात देत नाही, पाना घेऊन आवळतात. ज्ञानू आहे, मी आहे, पिंपं आहेत, शेठने जुना भोंगा दिलाय. गावच्या जत्रेत लूज बोल्ट वाजवणारच. पंचांना मी स्वतः जाऊन सांगितलं. (दाराकडे तोंड करून सांगितलं, पण सांगितलं.)

मोठ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद द्यायला आमच्या घरात माझ्यापेक्षा लहान कोणी नाही.

तुझा भाचा,
प्रीतम (लूज बोल्ट)

ता. क. : पंच म्हणाले, पुतळाआजी गाणार असेल तरच. आजी म्हणते, जावई माझ्या दारात येऊन सांगेल तरच, जावयाचा शब्द मी मोडत नाय. तुझ्या लग्नात तिने धवल्यात तुझ्या गिटारीला मोडकं सूप म्हटलं, तू ताटावरून उठलास, आणि तुझी बँडची पोरं मात्र जेवत बसली, हे आता तिनेच मला सांगितलं. तेव्हापासून तू तिचा उंबरा चढला नाहीस. मामा, आता चढ. माझ्यासाठी नको, गिटारीसाठी चढ.

आणखी एक : ते मोडक्या सुपाचं गाणं आपण कधीच विसरलो, असं आजी म्हणते. (विसरलेली नाही. ज्ञानूला शिकवतेय. जत्रेत पहिलं तेच आहे.) तरी ये. तेवढं गाणं मी लोकांकडे तोंड करून वाजवणार, ठरलं. तू समोरच बस, म्हणजे मला दुसरं कोणी दिसणार नाही, फक्त तुझं तोंड.