न झालेल्या साखरपुड्याची कॉफी

जळोची, बारामती
जुलै १९९६

ती. ज्ञानदेव दाजी यांस,

बुद्धघोषचा सप्रेम जयभीम. तुळसाअक्कालाही सांगावा.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, ती मी पाळतो. प्रत्यक्षात काय आहे ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? (अक्का म्हणते, तुम्ही तेल लावता आणि चालणं मात्र बंद केलंय. डॉक्टरांनी बरोबर उलटं सांगितलं होतं.) पाऊस इंदापुरातही नसेल, कारण असता तर तुम्ही कार्डात आधी तेच लिहिलं असतं.

कार्ड मिळालं. ओव्हाळांनी तुम्हाला भर बाजारात गाठून, पोरीचा साखरपुडा दुसरीकडं उरकला आन् आमाला का झुलवलं, असं सुनावलं हे वाचून वाईट वाटलं. स्थळ तुम्ही आणलेलं, शब्द तुमचा गेलेला. म्हणून सुरुवातीलाच लिहितो की आमच्या तेजश्रीचा साखरपुडा कुणाशीही झालेला नाही. झाली ती फक्त कॉफी. ती कशी झाली हे सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला हे पत्र ओव्हाळांना वाचून दाखवता येईल आणि जमत आलेलं लग्न मोडणार नाही.

याचं मूळ ओव्हाळांच्या घरातच, मुलाच्या, म्हणजे समाधानच्या आईंपाशी आहे. गेल्या महिन्यात मंडळी तेजश्रीला बघायला आली तेव्हा आमच्या हिनं चहा ठेवला. आईंनी कप हातात घेऊन सांगितलं, "आमच्यात आता च्या होत न्हाय. समाधान बेंगलोरला असतो न्हवं, आमी कॉफीच घेतो." (त्यानंतर त्या दोन कप चहा प्यायल्या. पण नोंद व्हायची ती झाली.) पुढची बैठकही आमच्याकडेच ठरली होती, तेव्हा कॉफी करणं भाग होतं. दुधात कॉफीची पूड टाकून मोकळं व्हावं असं माझं मत होतं. ही म्हणाली, तसली कॉफी आजाऱ्याला देतात. व्याह्यांना एस्प्रेसो पाहिजे. आता एस्प्रेसो आपण पितो ती लग्नात. मंडपाच्या कोपऱ्यात ते मोठं चकचकीत मशीन असतं, त्याच्या नळीतून वाफ सुटते, दूध फेसाळतं आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरतात. ती लग्नाशिवाय घरी कशी करायची, हा विचार चाळिशी येईपर्यंत मी केलेला नव्हता. तेजश्रीला विचारलं, कसलं मशीन घ्यावं? तिनं विचारलं, कुणासाठी घेताय? मला वाटलं, ती कपांचा हिशेब विचारते आहे.

पहिलं मशीन मी पुण्याला, कॅम्पातल्या एका दुकानात पाहिलं. परदेशी होतं आणि विजेवर चालायचं. विक्रेत्यानं बटण दाबलं, मशीन खोकलं आणि कपाच्या तळाशी काळं काहीतरी जमलं. खोकल्याच्या बाटलीच्या झाकणात मावलं असतं. दूध कधी घालायचं असं मी विचारलं. यात दूध नसतं, खरी एस्प्रेसो हीच, असं तो म्हणाला. त्यानं ते समजूत काढल्यासारखं सांगितलं. मी प्यायलो. समाधानची आई ते पिते आहे असं चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि इंदापूरपर्यंतचे सगळे नातेसंबंध आठवले. (खोटी एस्प्रेसो मी वीस वर्षं पितो आहे आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.)

दुसरं बारामतीतच, भांड्यांच्या दुकानात मिळालं. ॲल्युमिनियमचं, कुकरच्या घराण्यातलं, एक वाकडी नळी बाहेर आलेलं. पाणी भरून गॅसवर ठेवायचं आणि वाफ आली की नळी दुधात बुडवायची. दुकानदारानं करून दाखवलं. दूध मगातून निघून त्याच्या सदऱ्यावर गेलं, उरलेलं कॅलेंडरवर. सवयीनं जमतं, असं तो दूध पुसत म्हणाला. मी कालव्यावर नोकरी करणारा माणूस. वरून सोडलेलं खाली कुठं पोचतं याचा मला थोडा अनुभव आहे, म्हणून ते मला परकं वाटलं नाही. पण व्याह्यांच्या अंगावर दूध उडालं तर लग्नापर्यंत जाता येईल का, ही शंका राहिली.

म्हणून मंडपवाल्या सिकंदरभाईंकडे गेलो. त्यांच्या लग्नातल्या मशीनची धाकटी आवृत्ती कुठं मिळते, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "धाकटं कशाला साहेब? हेच घ्या, जुनं हाय, पर आवाज बघा एकदा. आखाड लागलाय, तुमच्या हिंदू लोकांची लग्नं बंद. नुसतं बसून हाय बिचारं." आम्ही बौद्ध आहोत हे मी त्यांना सांगितलं. मग तर तुम्हाला आखाडाची अडचणच नाही, म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. सोडायला नको होतं.

शनिवारी मशीन दाखवायला त्यांचा टेम्पो आला. मशीन दारातून आत जाईना, म्हणून ते अंगणात ठेवलं. ऊन लागायला लागलं, म्हणून त्यांच्या माणसानं चार बांबू रोवून वर कापड बांधलं. टेम्पोत मशीनच्या अलीकडे खुर्च्या होत्या (माळेगावच्या एका सभेला चालल्या होत्या), त्या आधी उतरवाव्या लागल्या. उतरवलेल्या खुर्च्या त्या माणसाला एकावर एक बघवत नसाव्यात. त्यानं त्या रांगेत मांडल्या. मग कळलं की या मशीनला एका घराच्या दुधानं काही होत नाही, निदान एक कॅन तरी लागतो. शेजारच्या बानूबाईंच्या म्हशी आहेत. त्यांनी कॅन आणून दिला, मंडपाकडे बघितलं, तशाच घरी गेल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात स्टीलचं पातेलं घेऊन परत आल्या.

तेवढ्यात सिकंदरभाईंनी वाफ सोडली. दाजी, तो आवाज जळोचीत लग्नाशिवाय कुणी ऐकलेला नाही. माणसं घराघरातून बाहेर आली आणि सरळ येऊन खुर्च्यांवर बसली. आषाढात कसलं कार्य, असं कुणीतरी विचारलं. दुसऱ्यानं समजावून सांगितलं, "ह्यांच्यात म्हूर्त नसतोय. कवाबी करत्यात." त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. (तुमच्या समाधानचं नव्हे.) मी खुर्चीवर उभा राहून जाहीर केलं की हा साखरपुडा नाही, मी फक्त मशीन पारखतो आहे. बानूबाई म्हणाल्या, "व्हय, व्हय. पक्कं झाल्याबगार सांगू नये मान्साने. आमी न्हाय बोलत कुठं." आणि मला खाली उतरवलं.

तेजश्री कॉलेजातून गुणपत्रक घेऊन आली तेव्हा बायकांनी तिला मध्ये घेतलं. "पोरी, कुठं दिली गं तुला? नवरा काळा हाय का गोरा?" तिनं एक कप कॉफी घेतली, पहिल्या रांगेत बसली आणि पिऊन टाकली. तिनं नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. कॉफी अप्रतिम झाली होती. बारामती-इंदापूर गाडीवरचा कंडक्टर आमच्याच गल्लीतला आहे. त्यानं दोन कप घेतले आणि ड्युटीवर गेला. बाकीचं तुम्हाला बाजारात कळलं.

आहेर सगळा परत केला. बानूबाईंनी पातेलं परत घेताना, "लग्नात देऊ मग," असं सांगितलं. सिकंदरभाईंचं मशीन माळेगावला गेलं. दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानातून ते ॲल्युमिनियमचं घेतलं. आता त्यावर कॉफी जमते, भिंतीला तेवढा एकदा रंग द्यावा लागेल. ओव्हाळांना हे सर्व वाचून दाखवावं. समाधानच्या आईंना मुद्दाम सांगावं की जे झालं ते त्यांच्यासाठीच झालं. दुसऱ्या बैठकीची तारीख त्यांनी कळवावी. कॉफी तयार आहे.

आपला,
बुद्धघोष

ता. क. पत्र टाकायला तेजश्रीकडे दिलं होतं. (पाकीट चिकटवायचं राहिलं.) फाटकाशी उभी राहून तिनं ते वाचलं आणि परत आली. म्हणाली, "पत्र चांगलंय, बाबा. फक्त मला विचारलं होतं का, ते लिहायचं राहिलंय." मी पुन्हा वाचून पाहिलं. तीन मशीनं पाहिली, तिन्हींची चव घेतली किंवा अंगावर उडवून घेतली. दुकानदाराला विचारलं, सिकंदरभाईंना विचारलं. तिला कसलं मशीन घ्यावं, एवढंच विचारलेलं दिसतं.

आणखी एक. तिला एम.एस्सी.ला पुण्यात प्रवेश मिळतो आहे. लग्नानंतरचं शिक्षण "घरी बसून जेवढं होईल तेवढं" असं समाधानच्या आई पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या. तो कप मला आठवतो, हे वाक्य आठवत नव्हतं. तिला आठवतं. तेव्हा हे पत्र ओव्हाळांना वाचून दाखवू नये. खोटं बोला असं मी म्हणत नाही. त्यांचा जो समज झाला आहे, तो असू द्यावा. आपण नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं आणि कारण दिलं की वाद होतो. इथे कारण आपोआप तयार झालं आहे. त्यात तुमचा शब्द गेला, हे मला कळतं. त्याबद्दल इथे येऊन मला समोर बसवून बोला. मी ऐकून घेईन.

शेवटचं, आणि खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र आज टाकतो आहे. ओव्हाळांकडे तेजश्रीचा फोटो आहे. तुम्हीच नेऊन दिला होता. उभा, साडीतला, मागे स्टुडिओचा रंगवलेला धबधबा असलेला. तो मागून आणावा. एम.एस्सी.च्या फॉर्मला तो चालत नाही. पण तो त्या घरात राहू नये असं तिचं म्हणणं आहे, आणि आता माझंही.