यादीतलं तिसरं नाव

प्रिय शांतारामदादा,

आज शुक्रवार, सुट्टी. दुपारची जेवणं उरकली, खोलीतले सगळे आडवे झालेत. तुझ्या खाटेवर आता एक नवा वेल्डर झोपतो, म्हणून मी स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून लिहितोय. संध्याकाळी गणपतीच्या रजेची यादी ठरवायला सगळे बसणार आहेत आणि कमिटीत माझं नाव पुन्हा घातलंय. मला त्या कमिटीत बसायचा आता कंटाळा नाही, धसका आहे. तो तुला सोडून कोणाला सांगू?

हे कमिटीचं खूळ आलं तुझ्यामुळेच. कुवेतमध्ये जलीबला आमच्या मेसचा स्वयंपाकी होण्याआधी तू सात वर्षं एका अमेरिकन कॅम्पात वाढपी होतास. तिथल्या टीव्हीवर त्यांच्या कॉलेजांचं फुटबॉल अखंड चालायचं, आणि अंडी वाढता वाढता तू ते सगळं शिकलास. अंड्यासारख्या चेंडूला फुटबॉल का म्हणतात, हे मात्र तुलाही कधी सांगता आलं नाही.

तो डिसेंबर आठवतो? तेव्हा शेवटच्या फेरीत फक्त चार टीम घ्यायचे, आणि कोणत्या ते तेरा जणांची कमिटी ठरवायची. एका कॉलेजची टीम सगळे सामने जिंकली होती, तरी तिला बाहेर ठेवलं. तू कणीक मळता मळता भडकलास.

"सगळे म्याची जिंकले, तरी भायर? मगे खेळवल्यानी कित्याक?"

"अरे दादा, त्यांचो क्वार्टरबॅक पाय मोडान बसलो हा," मी म्हणालो. "चेंडू फेकणारोच नाय, तर पुढे जिंकतले कशे? कमिटी पुढचां बघता."

"तेरा माणसा खोलीत बसान पुढचां बघतत? त्यांच्या आंगात काय देवचार येता?"

मी मुद्दाम तुझ्या उलट बोलायचो, खरं सांगतो. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत दिवसभर पाइपांत डोकं घालून आल्यावर तुला चिडवणं ही एवढीच करमणूक होती. पण वाद घालता घालता मला माझंच पटत गेलं. नुसती जिंकलेली मॅच मोजू नये, कोणाविरुद्ध जिंकलात, किती कठीण होतं, ते शहाण्या माणसांनी बसून तोलावं. वा! काय भाषण ठोकायचो मी.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीच्या मुदीरसाहेबाने सांगितलं, गणपतीला तुमच्या मेसमधले तिघेच जातील, कोण ते तुम्ही ठरवा. आधी आपण चिठ्ठ्या टाकायचो. तू म्हणालास, पाळीने जाऊया, जो जास्त वर्षं गेला नाही तो आधी. त्या हिशेबाने पहिलं नाव तुझं होतं. चार गणपती तू इथेच मोदक वळले होतेस, कारण दर वेळी कोणाला तरी आपली जागा दिलीस. मी म्हणालो, नाही, कमिटी करूया, ज्याची गरज मोठी तो जाईल. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि आणखी दोघांबरोबर मलाच कमिटीत बसवलं.

प्रकाशची आई आजारी, तो गेला. सुनीलला मुलगी झालेली, तो गेला. तिसऱ्या जागेला दोन नावं उरली, तुझं आणि माझं. मी म्हणालो, शांतारामदादाचं लग्न नाही, आई-बाप नाहीत, घरी वाट बघणारं कोण आहे? माझी बायको आहे, दोन मुलं आहेत. बाकीचे दोघे माना डोलवून मोकळे झाले. तू बाहेर भांडी विसळत होतास. यादी वाचून दाखवली तेव्हा एवढंच म्हणालास, "ठरलां मा? मगे झालां."

फुटबॉलवरून तासभर भांडणारा माणूस स्वतःवर आल्यावर चार शब्द बोलतो? इथे माझा तुझ्यावर राग आहे, दादा. बोलायला हवं होतंस. पूर्वी एकदा मी तुला विचारलं होतं, त्या टीमवाल्यांनी कमिटीकडे जाऊन रडगाणं का गायलं नाही? तू म्हणालास, "मैदानात जां दिसलां तां दिसलां. टीम येवन रडता काय?" म्हणून गप्प बसलास?

मी गावाहून परत आलो तेव्हा तू कांदा चिरत होतास. विचारलंस, "आरतेक किती माणसा होती?" मी सगळं सांगितलं. मखर कसं केलं, भजन किती रंगलं, कोण कोण मुंबईहून आलं. तू मध्ये मध्ये विचारत राहिलास आणि मी मूर्खासारखा आणखी रंगवून सांगत राहिलो.

महिन्याभरात तू गेलास. सकाळचा चहा ठेवलास आणि ओट्यापाशीच बसलास, तो उठलाच नाहीस. तुझे कागदपत्र करताना मी तुझ्या चुलतभावाला फोन लावला. तो रडत होता. म्हणाला, "औंदा घरच्या गणपतीची पाळी शांतारामची होती. पाच वर्सांनी इलली. मूर्ती पण त्याच्याच पसंतीची सांगान ठेवलली. मगे त्याच्या नावान मीच बसलंय पूजेक."

सामायिक घर, भावकीचे पाच उंबरे, दर वर्षी एकाची पाळी. मी कुडाळचा, मला हे माहीत नाही? माझ्याच मामाकडे तसा गणपती आहे. पण मी विचारलंच नाही. वाट बघणारं कोण आहे, हे मी तुझ्या वतीने परस्पर ठरवून टाकलं.

तू गेल्यावर डिसेंबरात त्यांनी चाराच्या बारा टीम केल्या, बरं का. तरी तेरावा भांडलाच. मी एकटाच ते मोबाइलवर बघत बसलो आणि विरुद्ध बोलायला कोणी नव्हतं. तेव्हा एक गोष्ट वाचली. त्या तेरा जणांत एखाद्याच्या स्वतःच्या कॉलेजचा विषय निघाला, की तो मेंबर उठून खोलीबाहेर जातो. तुला हे नक्की माहीत असणार, दादा. सात वर्षं बघितलंस तू. आणि मी माझ्या नावावर बोलत बसलो होतो, तेव्हा दार उघडंच होतं, तू चार हातांवर होतास. तरी मला म्हणाला नाहीस, की महेश, भायर ये.

वर्ष होत आलं. पोरं समजतात, मागच्या वर्षी मी फार न्यायाने वागलो. म्हणूनच मला परत बसवतायत.

शब्द देतो. आज संध्याकाळी यादी सुरू होण्याआधी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, की तिसरी जागा तुझी होती आणि ती मी मलाच दिली. मग उठून बाहेर जाईन आणि आतून काहीही ऐकू आलं तरी आत येणार नाही.

तुझा,
महेश