रहीमाबीची सुयांची गादी

आलापल्ली, १२ ऑगस्ट १९५४

माझ्या सुया पावसाळ्यात गंजतात, म्हणून शेजारच्या रहीमाबीनं आज सुया टोचायला लिंबाएवढी गादी शिवून दिली. आम्ही दोघी मिळून गोधड्या शिवतो. आत काय भरलं, विचारलं.

"माहे केस. तेलाचे आहेत, सुईले जंग नाई धरत."

हात आखडलाच माझा. इथल्या बाया गळलेला केसही मातीत पुरतात. कोणाच्या हाती लागला, त्यात सुई टोचली, की करणी होते म्हणे. रहीमाबीही पुरायची, मी पाहिलंय. मग लिंबाएवढे केस कधीपासून जमवत होती? आणि सुया टोचायला माझ्याच हाती द्यावेत?

मी सुई धरून नुसतीच बसलेली. ती हसली.

"काऊन भेते वो बाई? टोच. तुहा हात होय, मले नाई दुखत."